नैसर्गिक गोडवा

४ फेब्रुवारी

चिमणे,

फोनच करणार होते. पण फोनवर तू रडतेस, मग तुझा नवरा फोन हातात घेतो आणि पाच मिनिटांत मीच तुझी समजूत काढत बसते. म्हणून पत्र लिहिते आहे. कागदावर तुला मध्येच रडता येणार नाही आणि मला कुणी मध्येच थांबवणार नाही.

परवा सकाळी मी कामावर निघाले होते. एक चप्पल पायात, एक हातात. तेवढ्यात वन्सं आल्या. दोन स्टॉपवर राहतात, पण वडलांना भेटायला महिन्यातून एकदा येतात, त्यामुळे मला वाटलं काहीतरी झालं. त्या अप्पांच्या खोलीत गेल्याच नाहीत. सरळ स्वयंपाकघरात आल्या, ओट्यावरची मिठाची बरणी उचलली आणि पर्समध्ये घातली. वर म्हणाल्या, "अप्पांच्या पायांना सूज का येते, ते मला कळलंय."

मी म्हटलं, "मलाही सांगा."

"डॉक्टर काय म्हणाले ते दादाने सांगितलं मला. घरात कुणीतरी मीठ जास्त घालतंय. आणि चिमणीनेही तेच लिहिलंय, वहिनींचा हात मिठाला सैल आहे."

चिमणे, मी गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. कापडाचे चाळीस थर एकावर एक लावून एका वेळी कापते. वरच्या शर्टाची बाही आणि खालच्या शर्टाची बाही यांत सुताचा फरक पडत नाही. बावीस वर्षांत नाही पडला. डॉक्टरांनी अप्पांना दिवसाला किती मीठ चालेल ते सांगितलं, त्या दिवसापासून मी त्यांची भाजी वेगळी काढते आणि चमच्याने मोजून मीठ घालते. हे तुला ठाऊक आहे, कारण गेल्या वर्षी तू इथे दहा दिवस राहिलीस तेव्हा तो चमचा तूच धुतलास.

तर मला एवढंच सांग. तू असं लिहिलंस का? आणि लिहिलं असशील तर कशावरून?

तुझे मोठे दीर पेपर वाचत होते. बहीण बरणी घेऊन गेली तरी त्यांनी पान उलटलं नाही.

वहिनी

१३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सा. न.

पत्र वाचलं. किती रागावलात. मी वन्संना लिहिलं होतं हे खरं, पण त्यात तुमची तक्रार नव्हती. त्यांनीच विचारलं, वहिनी मीठ जास्त घालतात का? मी लिहिलं, "वहिनींचा हात जरा सैल आहे, पण मन मोठं आहे." त्यांनी अर्धंच वाक्य तुम्हाला सांगितलं. मी तिथे होते तेव्हा तुमची आमटी मला खरंच थोडी खारट लागली होती. पण मी कमीच मीठ खाते, म्हणूनही तसं वाटलं असेल.

तुम्ही रागावू नका. घरात सगळ्यांनीच थोडं कमी केलं तर बिघडलं कुठे? सोबत माझ्या दुकानातल्या पानांच्या चहाचे आणखी दोन डबे पाठवते आहे. अप्पांना माझा चहा आवडतो हे वाचून इतकं बरं वाटतं म्हणून सांगू. त्यांनी मला स्वतः पत्र लिहिलं, पाटी रंगवल्यासारख्या अक्षरांत. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी, पण सुनेला दोन ओळी पहिल्यांदाच लिहिल्या.

तुम्ही तो चहा उकळता असं त्यांनी कळवलं. तसं करू नका. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करा, मग पानं टाका आणि लगेच झाकण ठेवा. सात मिनिटं हात लावायचा नाही. पुदिना आणि गवती चहा यांचा जीव वासात असतो, खळखळ उकळलं की तो वाफेवर निघून जातो. गाळताना पानं पिळायची नाहीत, कडवटपणा उतरतो. मग कप दोन्ही हातांत धरून सावकाश प्यायचा. तुम्हीही घ्या. डोकं शांत होतं.

तुमची,
चिमणी

२ मार्च

चिमणे,

माझं डोकं शांत करायचा विचार तू करू नकोस.

महिना झाला, या घरात कुणाच्याच ताटात मीठ नाही. वन्संनी बरणी नेली ती नेलीच, आणि मीही नवी आणली नाही. म्हटलं, होऊन जाऊ दे. तुझे दीर घरी दोन घास गिळतात आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये पोटभर खातात, ते मला त्यांच्या शर्टाच्या डागांवरून कळतं. मी मात्र कारखान्यातही घरचाच डबा खाते. मळलेल्या कणकेची चव कशी असते ते मला आता नीट कळलं आहे.

काल अप्पांना तपासणीला नेलं. ब्लडप्रेशरचा वरचा आकडा जानेवारीत एकशे सत्तर होता, आता एकशे नव्वद आहे. डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, खोटं सांगू नका. लोणची, पापड काहीतरी देत असाल." शेजारी तुझे दीर उभे होते. त्यांनी काय म्हणावं? "मी बोलतो घरी."

घरी बोलले. म्हणाले, "तू दमून येतेस, लक्ष राहत नसेल, चुकून दोनदा पडत असेल." मी म्हटलं, "घरात मीठच नाही तर दोनदा कुठून पडेल?" तर म्हणाले, "तुझं हे असं उलट बोलणंच वाईट."

अप्पा आता जिना चढत नाहीत. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकतात आणि तरी दोनदा परत बसतात. पाय भरून आल्यासारखे वाटतात म्हणतात. ब्रश धरायला गेले तर बोटांतून सुटला. जेवणावरची वासनाच उडाली आहे, तुझा चहा तेवढा घेतात. सकाळी मी मोठा थर्मास भरून त्यांच्या उशाशी ठेवते, संध्याकाळी येते तेव्हा तो रिकामा असतो. आठ-नऊ कप तरी होत असतील. तू म्हणतेस तसं सात मिनिटं झाकून करत नाही, त्यांना दाट लागतो म्हणून चांगला उकळते. डब्यावर तूच छापलं आहेस ना, "दिवसभर हवा तितका प्या".

तू वन्संना आणखी एक पत्र लिही. आमटी खारट नव्हती असं लिही.

वहिनी

१० मार्च

प्रिय वहिनी,

घाईत लिहिते आहे. अप्पांना म्हणावं, थोडे दिवस चहा थांबवा. एकच चव रोज नको, शरीराला बदल लागतो. फक्त बदल म्हणून. साधं गरम पाणी दिलंत तरी चालेल. उरलेले डबे बाजूला ठेवा, किंवा टाकून दिलेत तरी हरकत नाही, मी नवीन पाठवीन.

वन्संना लिहिते.

चिमणी

२१ मार्च

तुझं दहा तारखेचं पत्र मला अठराला मिळालं. सतराला सकाळी अप्पा न्हाणीघरात पडले.

पाय घसरला नाही. पायांत जोरच उरला नव्हता. मी दार ढकललं तर ते भिंतीला टेकून बसले होते आणि अगदी हळू म्हणाले, "थोरले, मला पाय सापडत नाहीत." सासऱ्यांना मी आजवर कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी काखेत हात घालून ओढत बाहेर आणलं.

हॉस्पिटलमध्ये त्यांची केस एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे आहे. वयाने माझ्या पुतणीएवढ्या. रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन आल्या. वन्संनी लगेच सुरू केलं, मीठ, घरातलं जेवण, दुर्लक्ष. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मिठाने पोटॅशियम एवढं खाली जात नाही. हे इतकं कमी आहे की हृदय बंद पडू शकलं असतं." मग माझ्याकडे वळल्या. "हे ज्येष्ठमध घेतात का? काढा, खोकल्याच्या गोळ्या, एखादा चहा?"

मी म्हटलं, चहा घेतात, धाकटी जाऊ पाठवते, पण त्यात पुदिना, बडीशेप, आलं आणि गवती चहा आहे. त्या म्हणाल्या, डबा आणा.

मी रिक्षाने जाऊन डबा आणला. वाटेत त्यावरचा कागद वाचला. पुदिना, बडीशेप, आलं, गवती चहा, आणि शेवटी बारीक अक्षरांत "नैसर्गिक गोडवा". सहा-सात महिने रोज तो डबा उघडत होते. ती ओळ कधी वाचली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी डबा एका कागदावर पालथा केला. नखाने एक पिवळट, धागे निघालेला तुकडा बाजूला काढला. मग दुसरा. मग मोजायचं सोडून दिलं. मी एक तुकडा दाताखाली धरला. साखरेपेक्षा गोड.

आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य मी रोज वाचते. "फक्त बदल म्हणून."

मला तीन गोष्टी सांग. किती घातलंस? का घातलंस? आणि तुला कधीपासून ठाऊक होतं?

२९ मार्च

वहिनी,

अप्पा कसे आहेत ते हे घरी सांगतात, तुमच्या तोंडून ऐकायचा मला हक्क नाही. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर देते.

सप्टेंबरात अप्पांचं पत्र आलं. लिहिलं होतं, "साखर बंद झाल्यापासून तोंडाला चव नाही. तुझा चहा बरा आहे, पण गोड करता आला तर बघ. थोरलीला सांगू नकोस, तिने मन लावून साखर तोडली आहे." मी आधी चिमूटभर ज्येष्ठमध घालत होते. मग मूठभर घातलं. त्यांचं पुन्हा पत्र आलं, "आता जमलं." मग प्रत्येक डब्यात दोन मुठी. वजन केलं नाही. मूठ म्हणजे माझी मूठ. दुकानातल्या डब्यांतही तेच घालू लागले, कारण गिऱ्हाइकांनाही आवडलं.

डिसेंबरात एक संगीतशिक्षक दुकानात आले. त्यांचे घोटे सुजले होते. त्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती, ज्येष्ठमध बंद. त्यांनी भांडण केलं नाही, नुसती चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि बोट ठेवून दाखवली. मी त्याच दिवशी दुकानातले सगळे डबे रिकामे करून ज्येष्ठमधाशिवाय परत भरले.

अप्पांना लगेच पत्र लिहायला घेतलं. त्याच आठवड्यात वन्संचं पत्र आलं. अप्पांचे पाय सुजलेत, डॉक्टर म्हणतात मीठ. वहिनी, मला आयतं कारण मिळालं. मी स्वतःला सांगितलं, मीठच असेल, अप्पा असे किती पीत असतील, एखादा कप. ते पत्र मी फाडलं. फेब्रुवारीत पाठवलेल्या डब्यांत निम्मं केलं, बंद नाही केलं, कारण एकदम चव बदलली तर ते विचारतील. तुमच्या पत्रात थर्मास वाचला तेव्हा मला कळलं. तरी मी "बदल" लिहिलं. फोन उचलून सांगायला हवं होतं. माझ्याने झालं नाही.

आमटी खारट नव्हती.

आता माझंही ऐका, मग हवं तर पत्र फाडा. बारा वर्षं तुम्ही सगळे माझ्या कामाला पालापाचोळा म्हणता. वन्सं म्हणतात, भाऊजी म्हणतात, आणि वहिनी, तुम्हीही हसता. मी तिथे आले तेव्हा पाहुण्यांना तुम्हीच सांगितलंत, "ही झाडून गोळा करते आणि डब्यात भरते." सगळे हसले, मीही हसले. पहाटे उठून मी जाळ्यांवर पुदिना पसरते, दर तासाला उलटते, ऊन चढलं की सावलीत ओढते. एक पान काळं पडलं तर अख्खी जाळी टाकते. हे कधी कुणी विचारलं नाही. अप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. ते माझ्या हातून जाऊ द्यायचं नव्हतं.

हे कारण आहे. माफी नाही.

चिमणी

९ एप्रिल

चिमणे,

पत्र फाडलं नाही. चार वेळा वाचलं आणि चारही वेळा वेगळ्या ओळीवर चिडले.

तू चुकून जास्त घातलंस, त्याचा राग मी आठवडाभरात गिळला असता. डिसेंबर ते मार्च तू मला त्या ओट्यापाशी एकटं उभं ठेवलंस, तो राग मला गिळता येत नाही. वन्सं माझी बरणी नेत होत्या तेव्हा तुला ठाऊक होतं. डॉक्टर मला खोटारडी म्हणाले तेव्हा तुला ठाऊक होतं. आणि वर मला शिकवतेस, कप दोन्ही हातांत धरा, डोकं शांत होतं.

पालापाचोळ्याचं म्हणशील तर ते खरं आहे. मी हसले होते. हसायला नको होतं.

आणि एक गोष्ट तुला कुणी सांगणार नाही म्हणून मीच सांगते. अप्पा आठ-आठ कप पितात हे मला पहिल्या महिन्यापासून दिसत होतं. कुठल्याही गोष्टीचे आठ कप जास्तच, हे कळायला डॉक्टर लागत नाही. पण थर्मास भरून ठेवला की ते मला हाक मारत नसत. वीस वर्षं संध्याकाळी दारात पाय ठेवला की "थोरले, चहा" ऐकत आले. ते बंद झालं. मला कपडे बदलून पाच मिनिटं बसता येऊ लागलं. म्हणून मी मोजले नाहीत. चमच्याने मीठ मोजणाऱ्या बाईने कप मोजले नाहीत. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, घरात अजून सांगितलेलं नाही. सांगेन.

अप्पा घरी आले आहेत. औषधाने पोटॅशियम वर आलं आहे, सूज उतरते आहे. पायांत जोर यायला वेळ लागेल म्हणतात.

घरात अजूनही सगळ्यांच्या तोंडी मीठच आहे. डॉक्टरीणबाईंनी वन्संच्या समोर सांगितलं, तरी त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "दोन्ही मिळून झालं असेल." तू एक पत्र लिही. मला नको, सगळ्यांना. नाव टाकून, तारखा टाकून. जेवायच्या टेबलावर मोठ्याने वाचलं जाईल असं समजून लिही. "नैसर्गिक" वगैरे शब्द नकोत.

वहिनी

१८ एप्रिल

अप्पा, भाऊजी, वन्सं आणि वहिनी यांना,

अप्पांचं दुखणं माझ्या चहामुळे झालं. त्यात मी ज्येष्ठमध घातलं होतं, खूप जास्त, आणि डब्यावर ते नाव लिहिलं नव्हतं. त्याने सूज येते हे मला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळलं. मी कुणालाही सांगितलं नाही.

वहिनींच्या स्वयंपाकात मीठ जास्त नव्हतं. त्यांचा हात सैल आहे असं मी वन्संना लिहिलं, ते खोटं होतं. त्या मोजून घालतात, मी स्वतः पाहिलं आहे.

अप्पा, तुमची मी अपराधी आहे. दुकानातल्या सगळ्या डब्यांवर आता प्रत्येक पानाचं, मुळाचं नाव छापलं आहे. "हवा तितका प्या" काढून टाकलं आहे. जुने डबे नेलेल्या ज्या ज्या लोकांचे पत्ते होते, त्या सगळ्यांना कळवलं.

चिमणी

३० एप्रिल

चिमणे,

पत्र रविवारी दुपारी वाचलं. वन्संना मुद्दाम जेवायला बोलावलं होतं. मी वाचणार होते, पण अप्पा म्हणाले, मी वाचतो. चष्मा लावून शेवटपर्यंत एका दमात वाचलं. मग घडी घालून म्हणाले, "गोड मीच मागितलं होतं. आणि थोरलीपासून लपवायला मीच सांगितलं होतं." त्यानंतर मी थर्मासचं सांगितलं.

मी वाट बघत बसले. तुझ्या दिरांनी पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला. वन्सं म्हणाल्या, "झालं ते झालं. पण तरी मीठ कमीच बरं, नाही का." आणि तुझे दीर म्हणाले, "भात वाढ."

मी भात वाढला नाही. पातेलं त्यांच्यासमोर ठेवलं, डाव त्यात ठेवला आणि म्हटलं, "तिने नाव-तारीख घालून चूक कबूल केली. अप्पांनी केली, मी केली. तुम्हा दोघांना तीन शब्द जड झाले."

तुझे दीर म्हणाले, "आता जेवताना काढू नकोस." आणि खरंच, चिमणे, त्यांनी डाव्या हाताने पेपर ओढला.

सोमवारी मी कारखान्यात महिन्याची रजा टाकली. बावीस वर्षांत पहिली. साहेब म्हणाले, काय झालं? म्हटलं, काही नाही, जायचंय. अप्पांची औषधं, पथ्य, तपासणीच्या तारखा, सगळं एका कागदावर लिहून भिंतीला लावलं. वन्सं सकाळ-संध्याकाळ येणार आहेत, मी विचारलं नाही, सांगितलं. अप्पांना मात्र विचारलं. ते म्हणाले, "जा. आणि चिमणीला म्हणावं, मी रागावलो नाही."

मी रागावले आहे. ते नीट ध्यानात ठेव. बारा तारखेला सकाळच्या गाडीने येते, महिनाभर राहीन. स्टेशनवर तू ये, नवऱ्याला पाठवू नकोस. आल्या आल्या गळ्यात पडू नकोस आणि रडू नकोस. तुला मी माफ केलेलं नाही, करीन की नाही तेही मला आज सांगता येत नाही. जाळ्या कशा लावतेस, पानं कधी उलटतेस, ते मला बघायचं आहे. तराजू नसेल तर विकत घे, आल्यावर तुझी मूठ मी वजन करून बघणार आहे.

तुझ्याकडेच का येते, असं तुला वाटेल. इथे मी चिडले की हे पेपर उघडतात आणि वन्सं विषय बदलतात. तू खोटं बोललीस, लपवलंस, पण मी विचारलं तेव्हा उत्तर दिलंस, आणि उलट भांडलीसही. मला अजून पुष्कळ भांडायचं आहे. ते समोर बसूनच होईल.

चहा कर. नुसता पुदिना. मला आजवर कुणी करून दिलेला नाही.

वहिनी